माय, का वं, काम तुमी

आमचं गाव नगर जिल्ह्यातल्या कर्जत तालुक्यात, आणि आमच्या घरात आईला माय म्हणत. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण पुढचा सगळा घोटाळा या एका शब्दानं केला.

सत्तर-एकाहत्तर साल असेल. मी पाचवीत गेले आणि इंग्रजी सुरू झालं. आमचे गुरुजी नुकतेच नगरला प्रशिक्षणाला जाऊन आले होते आणि येताना वहीभर इंग्रजी गाणी उतरवून घेऊन आले होते. पोरांना आधी नुसतं ऐकवा, गाऊन घ्या, मराठीत अर्थ अजिबात सांगू नका, असं त्यांना तिथं बजावलं होतं. गुरुजी पडले आज्ञाधारक. त्यांनी अर्थाला वेशीवरच थांबवलं. चालींबद्दल मात्र त्यांना कुणी काही बोललं नव्हतं. ते भजनात पेटी वाजवायचे, त्यामुळे आमच्याकडे इंग्रजी गाणी गवळणीच्या चालीवर आली.

त्यातलं एक माझं फार लाडकं. गुरुजी एकेक ओळ सांगत आणि आम्ही बेंबीच्या देठापासून ओरडत असू:

माय काव, माय काव, कम टु मी,
गिम्मी मिल्क फार मार्निंग टी.

संध्याकाळी माय भाकरी थापत होती. माझं गाणं ऐकून तिचे हात थांबले. "परत म्हन," ती म्हणाली. मी म्हटलं. तिच्या कानावर पडलं ते असं: माय, का वं, माय, का वं, काम तुमी.

"म्हंजी पोरगं आईला इचारतंय," ती म्हणाली. "माय, का वं एवढं काम करता तुमी?"

मला तरी कुठं अर्थ ठाऊक होता? मी मान डोलावली. तिला सगळ्यात जास्त भावलं ते 'तुमी'. घरात ती सासऱ्यापासून धाकट्या दिरापर्यंत सगळ्यांना अहोजाहो करायची, आणि तिला मात्र आम्ही शेंबडी पोरंसुद्धा अगं-तुगं करायचो. "सायबाच्या मुलकात पोरं आईला तुमी म्हनत्यात," असं तिनं रविवारी ज्वारी खुरपताना बायांना सांगितलं. मीही तिच्याबरोबर होते. बायांनी मला बांधावर उभं करून गाणं म्हणायला लावलं. शेवटच्या ओळीला एक वयस्क बाई खुरपं टेकवून म्हणाली, "पर फुडं तर म्हनतंय, फार मारती गं ती."

"त्ये खोटं बोलतंय," माय म्हणाली. "कुटं मारलं त्याला?"

जणू त्या पोराला तीच सांभाळत होती. मग महिनाभर रानात तेच गाणं. ज्या बायांनी जन्मात शाळेची पायरी चढली नव्हती, त्या खुरपणीची आपापली पात धरून इंग्रजी म्हणत पुढं सरकायच्या, आणि माय त्यांची म्होरकी.

दिवाळीनंतर गुरुजींनी वर्गात चित्रांचा तक्ता टांगला. एका चित्रावर छडी टेकवून म्हणाले, "काव." चित्रात गाय होती, चांगली शिंगं आणि शेपूट असलेली. 'माय' म्हणजे 'माझं' हे मला तोवर कळलं होतं. आईचा तिथं काही संबंधच नव्हता.

मायला सांगायला हवं होतं. पण सव्वीस जानेवारीला हे गाणं मी सगळ्या गावापुढं म्हणणार होते आणि ती रानातल्या सगळ्या बायांना ऐकायला घेऊन येणार होती. खरं कळलं तर तिचं मन मोडेल म्हणून मी गप्प बसले. गप्प बसून तिचं चारचौघींत हसं होईल, हेही मला दिसत होतं. दोनदा धीर करून चुलीपाशी गेले आणि दोनदा भाकरी खाऊन परत आले.

सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झालं. मी गाणं म्हटलं. बायांनी खालून साथ दिली, तेव्हा गुरुजी चकित झाले आणि सरपंचांनी विचारलं, "गुर्जी, ह्येचा अर्थ काय हाय?" सरपंचापुढं प्रशिक्षणाचं काय चालणार? गुरुजींनी खाकरून सांगितलं, "ये गं माझ्या गाई, माझ्याकडे ये, सकाळच्या चहाला मला दूध दे."

बाया वळून मायकडे बघायला लागल्या. ती खुरप्याची वयस्क बाई पदर तोंडाला लावून म्हणाली, "अगं, गाय हाय ती, गाय."

मायनं पदर सावरला. मला वाटलं, आता ती उठून जाणार.

"आसंल की," ती म्हणाली. "उठल्याबरुबर हाक मारायची आन च्या मागायचा. मग मीच की ती."

बाया खो खो हसल्या. तीही हसली. मला मात्र ते लागलं.

घरी आल्यावर मी तिला ओट्यावर बसवलं आणि चुलीवर आधण ठेवलं. मी आयुष्यात केलेला तो पहिला चहा. साखर भसकन पडली. मायनं चहा बशीत ओतला, फुंकर मारली आणि शेवटच्या घोटापर्यंत प्यायली. दूध घालायचं मी विसरले होते, हे तिनं बोलून दाखवलं नाही.