नाव नसलेली पार्टी

काकांना मारेगावजवळचं वावर विकायचं होतं. बोंडअळीनं लागोपाठ कापूस खाल्ला, त्यात गुडघे गेले. आता मुलीकडे जाऊन राहायचं त्यांनी ठरवलं होतं. वावर कुणालाही देईन पण भावाला देणार नाही, हेही गावभर सांगून झालं होतं. तो भाऊ म्हणजे माझे बाबा. आजीच्या शेवटच्या दुखण्यात बाबा यवतमाळच्या कचेरीतून वेळेवर निघाले नाहीत, तेव्हापासून दोघांत बोलणं नव्हतं.

मातीसाठी एक वीटभट्टीवाला टपलेलाच होता. वावर घरातच राहावं म्हणून बाबांनी ओळखीच्या दलालाला मध्ये घातलं. नाव सांगायचं नाही, फक्त 'पार्टी आहे' म्हणायचं. पार्टीची अट एकच, खरेदीआधी बांधावरची आजीनं लावलेली बोर कुणी तोडायची नाही. आगाऊ रक्कम देऊन इसारचिठ्ठी दलालाच्या नावानं झाली. खरेदी तो सांगेल त्याच्या नावानं होणार होती.

दलाल परत येऊन म्हणाला, "त्यायनं नाव इचारलंच नाई. म्हने, रजिस्ट्रीले मी चश्मा आननार नाई. तुमी बोट ठेवान तिथं सही करतो."

आईनं आणि मी एकमेकींकडे पाहिलं. काकांनी ओळखलं होतं, आणि न ओळखल्यासारखं करून ते वावर देत होते. बाबांच्या मात्र काहीच लक्षात आलं नाही. मी तेव्हा वकिली शिकत होते. त्यांनी विचारलं म्हणून सांगितलं, की धन्याचं, म्हणजे खऱ्या घेणाऱ्याचं, नाव उघड केलं नाही तर करारात दलाल स्वतःच बांधला जातो.

"म्हंजे पैसे माहे अन् मालक थो?" बाबा म्हणाले.

"रजिस्ट्रीपर्यंत दम धरा," आई म्हणाली. दम धरणं बाबांच्या कुंडलीत नव्हतं. त्यातून मोठ्या भावानं पाठीशी उभं राहायचं आणि कुणाला कळायचं नाही, हे त्यांना सोसवेना.

मारेगावच्या स्टँडवर, चहाच्या टपरीवर काका दिसले. बाबांनी चार माणसांदेखत सांगून टाकलं, "वावर दलाल नाई, मी घेऊन राह्यलो." काकांनी कप तसाच ठेवला आणि निघून गेले.

पुढच्या सोमवारी ते आमच्या दारात उभे होते, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. मला वाटलं, मिटलं सगळं. त्यांनी इसाराचं पाकीट बाबांसमोर ठेवलं.

"दादा, बोर वाचवनारी पार्टी कोन असन, हे मले समजत नव्हतं काय? पन तू लोकायसमोर नाव घेतलं. आता कसं देऊ?"

"मी खोटं काय बोललो?" बाबांनी विचारलं. त्या प्रश्नाचा मला आजही राग येतो.

काकांनी खिशातून चष्मा काढून लावला, बाबांच्या तोंडाकडे नीट पाहून घेतलं, आणि चपला घातल्या.

वावर भट्टीवाल्याला गेलं. बोर त्याच आठवड्यात तुटली.