आखर रिकामं आहे

रक्षा मसरामकडे माझं पहिल्यांदा लक्ष गेलं ते हजेरी घेताना. रोहण्याच्या शाळेत मी तेव्हा पाचवीला शिकवत होते. हेमराजचं नाव पुकारलं, उत्तर आलं नाही. मी गैरहजेरीची खूण करणार तोच खिडकीजवळच्या बाकावरून बारीक आवाज आला, "हेमराज घरी हाये जी मॅडम. त्याची बकरी व्याली." पुढे स्वीटीचं नाव आलं, तर पुन्हा तोच आवाज, "स्वीटी येऊन राह्यली. नाल्यापाशी हाये. चप्पल तुटली तिची." वर्ग हसला. मला वाटलं, पोरगी गंमत करते आहे. दहा मिनिटांनी स्वीटी दारात उभी होती, एक चप्पल पायात, दुसरी हातात.

चोंबड्या मुली मी पुष्कळ पाहिल्या. त्या सांगताना ऐकणाऱ्याचं तोंड बघतात. रक्षा कुणाचं तोंड बघत नसे. ती सांगायची ते जणू तिच्या डोळ्यांपुढे घडत असे आणि ती नुसतं वाचून दाखवत असे. वडील गोमाजी वनखात्याच्या कामावर मजुरीला जात, आई रामबाई दुसऱ्यांच्या वावरात. घरी आजीशी गोंडी, गल्लीत वऱ्हाडी, टीव्हीसमोर हिंदी आणि माझ्याशी जपून जपून पुस्तकी मराठी, अशा चार भाषा ती दिवसभरात बोलायची. अभ्यासात मध्यम होती. गणितात पावलांनी अंतर मोजण्याचं उदाहरण आलं की मात्र उठून खरोखर मोजून यायची.

बारावीनंतर ती वर्ध्याकडच्या एका मोठ्या रुग्णालयात लागली. आधी केसपेपर लिहायला, मग टेलिफोनवर. तिथे हेलिकॉप्टरची रुग्णसेवा सुरू झाली तेव्हा संपर्क कक्षातल्या फोनसाठी माणूस हवा होता. खेड्यातून घाबरलेला माणूस फोन करतो, त्याचं बोलणं समजायला हवं आणि ते पायलटला हिंदीत सांगता यायला हवं. डॉक्टर सुलोचना थूल यांनी तिचं नाव सुचवलं. आपण तिला का निवडलं हे सुलोचनाताईंनी मला नंतर सांगितलं. फोनवर रडणाऱ्या माणसाला रक्षा "रडू नका" म्हणत नाही. ती विचारते, "तुमी आता कुठं उभे हाय?" माणूस आजूबाजूला बघतो आणि आपोआप रडायचा थांबतो.

त्या लोकांची कामाची रीत मला फार आवडली. फोन आला की रक्षा तो मोठ्या आवाजावर लावते. खोलीतले सगळे एकदम ऐकतात, पुन्हा कुणाला काही सांगावं लागत नाही. तिचा दुसरा प्रश्न होईपर्यंत सुलोचनाताई बूट चढवतात. तिसऱ्या प्रश्नाला रक्तपेढीतला लहानू थंड पेटी घेऊन निघालेला असतो. फक्त पायलट, म्हणजे कॅप्टनसाहेब, त्या खोलीत नसतात. ते शेजारच्या खोलीत हवामान बघतात आणि दार मुद्दाम बंद ठेवतात. रोगी कोण, बाई की बाळ, किती गंभीर, हे पायलटला सांगायचंच नाही असा त्यांचा नियम आहे. कारण ते कळलं की माणसाचं मन जातं आणि जिथे उतरू नये तिथे तो उतरतो. त्यांना जागा सांगायची, वारा सांगायचा, तारा कुठे आहेत ते सांगायचं. बस्स.

आणि ही जागा सांगायचं काम रक्षाचं.

मागच्या डिसेंबरातली गोष्ट. निवृत्तीनंतर मी रोहण्यापासून चार किलोमीटरवर माझ्या माहेरगावी राहते. सकाळी दहाच्या सुमारास तिथल्या आरोग्य उपकेंद्रात गावातली मोहिनी बाळंत झाली. मुलगी झाली, चांगली रडली, आणि मोहिनीचं रक्त मात्र थांबेना. सिस्टरने सुया दिल्या, सलाईन लावलं, पोट दाबून धरलं. रस्त्यावरच्या पुलाचं काम चालू होतं, वळसा घालून रुग्णवाहिका यायची म्हणजे दीड तास. सिस्टर म्हणाली, दीड तास हिच्याजवळ नाही. आणि तिने रक्षाच्या खोलीत फोन लावला.

पाचव्या मिनिटाला पोलीस पाटील भैय्याजींचा फोन वाजला. हेलिकॉप्टर येणार, जागा कोणती? भैय्याजी म्हणाले, आखर. गावाच्या कडेला सकाळी सगळी जनावरं गोळा होतात ती मोकळी जागा म्हणजे आमचं आखर. लांबरुंद, सपाट, झाड नाही, वर तार नाही. रक्षाने विचारलं, आखर आता रिकामं आहे का? भैय्याजी आखरावरच उभे होते, मी त्यांच्या शेजारी होते. ते ठासून म्हणाले, "एकदम रिकामं हाये." मीही मान हलवली. कॅप्टनसाहेबांना जागा कळवली गेली आणि हेलिकॉप्टर उडालं. पोहोचायला अठरा मिनिटं.

गाव आखरावर लोटलं. टँकरवाल्याने धूळ बसावी म्हणून मधोमध पाणी मारलं. कुणी बांबूला लाल ओढणी बांधून वारा दाखवायला उभा राहिला. भैय्याजी मधोमध चुन्याची फुली काढत होते आणि फोन मोठ्या आवाजावर लावून खिशात अडकवला होता, कारण रक्षाने तो बंद करू नका असं बजावलं होतं. मी लोकांना मागे सरा म्हणत होते. माझा आवाज तिकडे गेला असावा.

"मॅडम हाये का तिथं?" फोनमधून आवाज आला.

मी म्हटलं, हो गं, मीच.

"मॅडम, तुमी जिथं उभ्या हाय ना, तिथून सांगा. तुमच्या पायाखाली काय हाये?"

मी खाली पाहिलं. "ताडपत्री," मी म्हटलं.

मग तिने विचारलं, "ताडपत्रीवर काय हाये?"

ताडपत्रीवर कापूस होता. आखराच्या तीन बाजूंनी अकरा घरांचा कापूस पसरलेला होता. डिसेंबरात दहिवर पडतं, ओला वेचलेला कापूस तसाच घरात भरला तर पिवळा पडतो, म्हणून गुरं चरायला गेली की सगळे तो आखरावर उन्हात घालतात. रोजचं दृश्य. गुरं गेली की आम्ही म्हणतो, आखर रिकामं झालं. कापूस आमच्या हिशेबी जागेवर नसतोच. मी चाळीस वर्षं मुलांना नेमकं लिहायला शिकवलं आणि कापसावर उभी राहून मान हलवली होती.

रक्षाला मात्र ते लगेच कळलं. वरून पंख्याचा वारा आला की तो सगळा कापूस एकदम हवेत उठणार. इंजिनात जाणार, पायलटच्या डोळ्यांपुढे पांढरा पडदा होणार, ताडपत्र्या उडून पात्यात अडकणार. सगळ्यांचा जीव जाईल अशी जागा तिने कॅप्टनसाहेबांना रिकामी म्हणून सांगितली होती. हेलिकॉप्टर आठ मिनिटांवर होतं. तिने रेडिओ उचलला आणि हिंदीत सांगितलं, जागा रिकामी नाही, चूक माझी, मला वेळ द्या.

तिकडून उत्तर आलं ते आम्हीही फोनवर ऐकलं. "आ के दो चक्कर लगाऊँगा. तीसरे में साफ नहीं मिला, तो वापस."

त्यांना ठाऊक नव्हतं की उपकेंद्रात एक बाई पांढरी पडत चालली आहे. रक्षाला ठाऊक होतं, पण ते सांगायची तिला परवानगी नव्हती. तिने सांगितलं नाही.

मग तिचा आवाज आमच्याकडे वळला. "भैय्याजी, कापूस उचला. चारी कोपरे धरा, मोट बांधा, समाजमंदिरात टाका."

भैय्याजी घुटमळले. अकरा घरांचा कापूस एका खोलीत टाकायचा? कुणाचा वाण कोणता, कुणाचा वेचा कितवा! आमच्याकडे भाऊ भावाच्या ढिगात कापूस मिसळत नाही. ते फोनला म्हणाले, "कोणाचा कोणता, मंग कसं समजन?"

"नाई समजलं तर नाई समजलं. मले शिव्या देजा. आधी उचला."

पहिली ताडपत्री उचलली ती मोहिनीच्या सासूने, आनंदाबाईने. ती उपकेंद्राच्या दारात बसलेली होती, कुणी सांगितलं म्हणून धावत आली आणि कुणाची वाट न बघता शेजारणीच्या कापसाला हात घातला. शेजारीण तिच्याशी चार वर्षं बोलत नव्हती. तिने दुसरा कोपरा धरला. मग काय, सारं गाव वाकलं. ताडपत्र्या, पोती, लुगडी, खाटेवरच्या गोधड्या, ज्यात बसेल त्यात कापूस. सांडलेला वेचायला म्हाताऱ्या बसल्या. मी ओढणीवाल्याला म्हटलं, तू हलू नकोस, आणि स्वतः पदरात भरू लागले. कधी नव्हे ते माझ्या गुडघ्यांनी तक्रार केली नाही.

तेवढ्यात घरघर ऐकू आली. नाल्यावरून ते वळलं, ऊन लागून चमकलं आणि अख्खं गाव कमरेत ताठ होऊन वर बघू लागलं. गावावर एवढ्या खालून हेलिकॉप्टर कुणी पाहिलं होतं? तोंडं उघडी, हात रिकामे.

रक्षा चाळीस-पन्नास किलोमीटरवर एका खुर्चीत बसलेली. तिला फक्त ऐकू येत होतं. घरघर वाढली आणि आमचा गलका बंद पडला, एवढंच तिने ऐकलं असणार.

"वर पाहू नोका," ती म्हणाली. "वर पाह्यलं की हात थांबते. ते उतरल्यावर पोटभर पाहा."

भैय्याजींनी तेच ओरडून सांगितलं आणि माना खाली गेल्या. पहिली चक्कर झाली. उगवतीची बाजू साफ. दुसरी चक्कर सुरू झाली तेव्हा दोन ताडपत्र्या उरल्या होत्या. त्यांची मोट बांधायला वेळच नव्हता. बायका आणि पुरुष मिळून चौदा-पंधरा जणांनी त्या कडांनी धरून तशाच पळवत नेल्या, कापूस मधोमध हिंदकळत होता, आणि त्या दारातून आत जाताच भैय्याजींनी समाजमंदिराचं दार ओढून कडी घातली. मी चारी बाजूंना पाहिलं. या वेळी खरंच पाहिलं. दगड, शेण, चुन्याची फुली, ओली माती. फोनवर एकेक सांगितलं. "मॅडम, ताडपत्री?" नाही. "कपडे, पोते?" नाही. "माणसं?" भिंतीमागे.

तिसऱ्या चकरेला हेलिकॉप्टर उतरलं.

राहिलेसाहिले कापसाचे पुंजके असे काही उडाले की सगळ्यांच्या केसांत, मिशांत अडकले. पण ते पुंजकेच. सुलोचनाताई पेटी घेऊन वाकून धावल्या, भैय्याजींनी त्यांना मोटरसायकलवर घातलं. उपकेंद्रात त्यांनी रक्ताची पहिली पिशवी लावली. बाळ आईच्या छातीशी बांधलं. पंचवीस मिनिटांनी दोघींना स्ट्रेचरवरून आखरावर आणलं. आनंदाबाई स्ट्रेचरची दांडी सोडेना. आत जागा नाही, हे तिला कसं सांगावं कुणाला सुचेना. भैय्याजींनी फोन तिच्या कानाला लावला.

रक्षा तिच्याशी गोंडीत बोलली. आनंदाबाईही गोंडच, पण बाहेरच्या माणसाच्या तोंडून फोनवर आपली भाषा तिने कधी ऐकली नव्हती. तिने दांडी सोडली. काय बोलणं झालं ते मी नंतर विचारलं. ती म्हणाली, "पोरगी म्हणे, मी खाली उभी राहीन आजी, ती उतरली की तिचा हात मीच धरीन."

आणि धरला. संपर्क कक्षातला फोन दुसऱ्याच्या हाती देऊन ती खाली गेली होती. मोहिनीचं ऑपरेशन करावं लागलं, सात पिशव्या रक्त लागलं. तेराव्या दिवशी ती मुलीला घेऊन बसने परत आली. मुलगी आता भिंत धरून चालते. समाजमंदिरातल्या कापसावरून गावात दोन दिवस कडाक्याचं भांडण झालं, मग आपोआप मिटलं. आनंदाबाई आणि शेजारीण त्यात एका बाजूने भांडल्या.

मोहिनीला नेलं त्या संध्याकाळी रुग्णालयात उड्डाणानंतरची त्यांची बैठक झाली. चुकलं ते प्रत्येकाने सांगायचं असतं. सगळे रक्षाला शाबासकी देण्याच्या तयारीत होते. ती उभी राहून म्हणाली की चूक तिची आहे, "रिकामं" या एका शब्दावर तिने चार माणसं हवेत पाठवली. ती खेड्यातलीच, तिला आधीच कळायला हवं होतं. कॅप्टनसाहेबांनी विचारलं, मग पुढे काय करणार? ती म्हणाली, आता कुणाला रिकामं आहे का असं विचारणार नाही. पायाखाली काय आहे ते विचारीन. जमलं तर आधीच जाऊन बघीन.

कॅप्टनसाहेबांना त्या दिवशी रोगी कोण होतं हे बैठकीतच कळलं. सुलोचनाताई सांगतात, त्यांनी वही काढून "आखर" हा शब्द देवनागरीत लिहून घेतला.

रक्षा आता सेवाग्रामजवळ दोन खोल्यांत आईबरोबर राहते. तिची सुट्टी गुरुवारी असते. त्या दिवशी ती सकाळच्या एसटीने आर्वी किंवा हिंगणघाटकडच्या एखाद्या गावाला जाते आणि तिथलं आखर पायांनी मोजून येते. आतापर्यंत एकेचाळीस गावं झाली आहेत.