कूलरला जागा नसलेलं घर

घर बांधायला काढलं की विटांच्या आधी किस्से येऊन पडतात. विटा संपतात, वाळू संपते, किस्से काही संपत नाहीत! मुकुंदवाडीच्या मागं आमचं घर उभं राहून आता काही उन्हाळे झाले. तरी अजून रविवारी कुणीतरी नकाशाची गुंडाळी काखेत मारून येतं आणि विचारतं, "भाऊ, एसी नाही, कूलर नाही, तरी घर एवढं गार कसं?" मी टेक्निकल भाषण देत नाही. चहा पाजतो आणि हे किस्से सांगतो. सगळा सल्ला त्यातच येतो.

आधी एक गोष्ट सांगायला हवी. हे घर आम्ही आईसाठी बांधलं. पूर्वी आम्ही औरंगपुऱ्यात भाड्यानं राहायचो, वरच्या मजल्यावर, डोक्यावर थेट स्लॅब. वडील गेल्यानंतर एका मे महिन्यात आईला शेंद्र्याहून तिथं आणलं. ती लगेच उष्म्यानं आजारी पडली, सलाइन लावावं लागलं. दवाखान्यातून ती थेट गावी गेली. जाताना म्हणाली, "तुमच्या भट्टीत मी परत येणार नाय!"

गावात तिची एक लोखंडी पेटी आहे, गोधड्यांची. किल्ली कायम कमरेला. त्यानंतर आमच्याकडं यायची ती एक पिशवी घेऊन, सकाळी येऊन संध्याकाळी परत. राहायचा विषय काढला की एकच उत्तर. "पेटी जिथं, तिथं मी. आन् पेटी इथून हलत नसती." म्हातारी आई गावात एकटी आणि मी शहरात पंख्याखाली, हे मला फार लागायचं.

आईच्या शेजारीच माझे काका राहतात, वडिलांचे धाकटे भाऊ. काकांची श्रद्धा एकाच गोष्टीवर, कूलरवर. आमच्या भूमिपूजनाला नारळ फुटायच्या आत त्यांनी सगळ्यांसमोर सुनावलं, "बिनकूलरचं घर? मे महिन्यात वहिनीला चार दिस ठिवून दाखव, मग बोल!"

मी म्हटलं, "दाखवतो!" बोलून तर बसलो.

* * *

पहिलं काम माझ्या बायकोनं केलं. रेखाचं म्हणणं असं, की नकाशा काढायच्या आधी ऊन कुठून येतं ते बघायचं. भर उन्हाळ्यात मोकळ्या प्लॉटवर प्लास्टिकची खुर्ची टाकून, छत्री उघडून ती बसली. सकाळी इकडं तोंड, दुपारी तिकडं. मधूनच उठायची, चुन्याच्या फक्कीनं जमिनीवर रेघ मारायची आणि पुन्हा बसायची.

गल्लीतले लोक बघायला लागले. बायकांनी पाण्याची बाटली आणून ठेवली. एक आजी तर रेखाच्या पाठीवरून हात फिरवून गेली. पुढच्या दिवशी कडक इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यांत एक कार्यकर्ते आले, सोबत दोघं-तिघं. एकानं फोटोसाठी मोबाइलही काढला.

कार्यकर्ते हात जोडून म्हणाले, "ताई, तुमच्या उपोषणाला आमचा जाहीर पाठिंबा आहे. फक्त मागणी काय आहे तेवढी सांगा!"

रेखानं छत्री जरा वर केली. "पश्चिमेचं ऊन बंद करा."

"करू ना ताई! उद्याच निवेदन देऊ!"

निवेदनाचं काय झालं माहीत नाही. आम्ही मात्र पश्चिमेला एकही मोठी खिडकी ठेवली नाही. जिना, बाथरूम आणि अडगळीची खोली तिकडं ढकलली, बाहेर शेवगा लावला. उपोषण यशस्वी!

* * *

आमचे मिस्त्री सलीमभाई. अत्यंत इमानदार माणूस, आणि सगळा घोळ त्या इमानदारीनंच झाला.

बाहेरच्या भिंती पोकळ बांधायच्या ठरल्या होत्या. विटा आडव्या न ठेवता उभ्या लावायच्या आणि मधे पोकळी सोडायची, म्हणजे बाहेरचं ऊन आत पोचत नाही. शिवाय विटाही कमी लागतात. सलीमभाईंनी ऐकून घेतलं, मान डोलावली. त्यांच्या चेहऱ्यावर मात्र दुःख स्पष्ट दिसत होतं.

संध्याकाळी मी कंपनीतून परत आलो तर पश्चिमेची भिंत बरीच वर आलेली. ठोकून बघितलं. पोकळ आवाज नाही! भरीव, दगडासारखी!

"सलीमभाई, हे काय?"

सलीमभाई लाजत म्हणाले, "भाई, दीवार में पोल देखके मेरेकू नींद नई आती. मैंने अपनी तरफ से मसाला भर दिया. उसके पैसे नई लूँगा!"

आता अशा माणसाला रागावणार कसं? रेखानं त्यांना चहा दिला, शेजारी बसवलं आणि हातात थर्मास दिला. "सलीमभाई, ये खोलके दिखाओ. अंदर क्या भरा है?" त्यांनी थर्मास उलटा केला, कान लावून ठोकला, पुन्हा ठोकला. मग उठले आणि आपल्या हातानं ती भिंत उतरवली. निघालेल्या विटा साफ करून परत वापरल्या.

आता तेच सलीमभाई गिऱ्हाइकांना आमच्या घरी घेऊन येतात, भिंतीवर थाप मारतात आणि सांगतात, "घर नई है साब, थर्मास है! भरीव दीवार तो कोई बी बना देता!"

* * *

गच्चीवर पांढऱ्या टाइल्सचे तुकडे बसवायचे होते, ऊन परत आभाळात पाठवायला. नव्या टाइल्स कशाला घ्यायच्या? मी टू-व्हीलरवर पोतं टाकून दुकानं पालथी घातली.

एका दुकानदारानं प्रेमानं कॅटलॉग उघडला. मी म्हटलं, "शेठ, मला फुटक्या पाहिजेत."

त्यानं माझ्याकडं बघितलं, घामेजलेल्या शर्टाकडं बघितलं, पोत्याकडं बघितलं. कॅटलॉग हळूच मिटला. आत गेला आणि पांढऱ्या टाइल्सचा एक अख्खा बॉक्स आणून माझ्या हातात ठेवला. "असू द्या. दिवस बदलतात."

मी लई नाही म्हटलं, त्याचे डोळे भरून आले होते, ऐकेना. वास्तुशांतीला मी त्याला आग्रहानं बोलावलं. तो आला, गच्चीवर गेला आणि आपल्या अख्ख्या टाइल्स शोधायला लागला. सलीमभाईंनी अभिमानानं दाखवलं, "वो क्या, कोने में. मैंने खुद हथोड़े से फोड़े!"

* * *

गच्ची अर्धी पांढरी झाली होती आणि अर्धी करडीच होती, तेव्हा काका पाहणीला आले. टळटळीत दुपार. चपला जिन्यात काढून वर आले आणि पांढऱ्या भागावर हात मागं बांधून उभे राहिले.

"काय फरक हाय यात? फरशी ती फरशी! माझ्या गच्चीला सिमेंट हाय, तुझ्या गच्चीला भंगार. एवढाच फरक!"

काका बोलत बोलत चालायला लागले. "आरं, ऊन म्हंजी ऊन असतं, त्याला काय रंग कळतो व्हय—" आणि त्यांचा पाय करड्या भागावर पडला!

त्यानंतर काकांनी जे केलं त्याला चालणं म्हणता येणार नाही. लग्नाच्या वरातीतसुद्धा मी त्यांना असं नाचताना बघितलं नव्हतं. दोन उड्यांत परत पांढऱ्यावर!

धाप लागलेली, धोतराचा सोगा हातात. तरी म्हणाले, "चपला घालून आलो आस्तो तर कायबी फरक पडला नस्ता!"

* * *

राहायला आलो तेव्हा आमचा एकच नियम. ऊन चढलं की खिडक्या बंद, जाड पडदे खाली. ऊन उतरलं की सगळं उघडं. वर छताजवळ झरोके ठेवलेत, त्यांतून गरम हवा निघून जाते. घर कितीही चांगलं बांधा, हे रोज करावंच लागतं.

पहिल्याच सुट्टीच्या दिवशी आम्ही आत निवांत आमरस खाऊन आडवे झालो. संध्याकाळ झाली तरी दूधवाल्याचा पत्ता नाही. रेखानं खिडकी उघडली तर शेजारच्या देशमुखकाकू आमच्याच शेवग्याला पाणी घालत होत्या.

"अगं बाई, कधी आलात गावाहून? दिवसभर घर बंद बघितलं. दूधवाल्याला मीच माघारी पाठवलं. म्हटलं, उन्हाळ्यात भरल्या घराच्या खिडक्या कोण लावून घेतं!"

पुढच्या वर्षी काकूंनीच जाड पडदे शिवून घेतले. आणि एका दुपारी मी त्यांच्या दूधवाल्याला माघारी पाठवलं. फिटंफाट!

* * *

पहिल्याच उन्हाळ्यात, ऐन मे महिन्यात वीज कंपनीचा एक माणूस आला. आमच्या मीटरचं रीडिंग त्याला पटेना.

"आकडा टाकलाय का? खरं सांगा."

"या, तपासा," मी म्हटलं. त्यानं मीटर बघितलं, वायर बघितली, गच्चीवर जाऊन आला. हॉलमध्ये येऊन भिंतीवर एसी शोधला, सापडेना. कपाटामागंही डोकावला. मग शहाबादी फरशीवर टेकला, घाम पुसला. रेखानं माठातलं पाणी दिलं. पाणी पिऊन तो भिंतीला टेकून विचार करत बसला, आणि विचार करता करता घोरायला लागला!

बऱ्याच वेळानं त्याचा मोबाइल वाजला. साहेबांचा फोन. तो दचकून उठला, इकडं-तिकडं बघितलं आणि एकदम कडक आवाजात म्हणाला, "साहेब, केस संशयास्पद आहे. उद्याची दुपारपण लागेल!"

* * *

आणि त्याच मे महिन्यात आई आली. काकांच्या पिकअपमधून, मांडीवर तीच पिशवी. आणि मागं, दोरीनं बांधलेला, काकांचा सगळ्यात मोठा कूलर!

"वहिनीला परत सलाइन नको," काका म्हणाले. खरं सांगतो, काकांना हसणं सोपं होतं, पण आईला पुन्हा काही झालं असतं तर? कूलर पोर्चमध्ये ठेवला. आत ठेवायला जागाच नव्हती.

आई घरभर फिरली. भिंतीला हात लावून बघितला, झरोक्याकडं मान वर करून बघितलं. पहिल्या दुपारी मी कंपनीत सुट्टी टाकून तिच्या तोंडाकडं बघत बसलो. ती शेवटी वैतागली. "माझ्या तोंडावर काय लिव्हलंय का? जा की कामावर!"

दुसऱ्या दिवशी तिनं गव्हाचा चीक शिजवून गच्चीवर कुरडया घातल्या. संध्याकाळी चिडून खाली आली. "कसली गच्ची बांधली रे? खालून ताव म्हणून नाय! कुरडया अजून वल्ल्याच!" मी तोंड पाडून ऐकून घेतलं. स्वयंपाकघरात जाऊन मात्र मी आणि रेखा नाचलो.

चार दिवस झाले आणि सकाळीच काका पिकअप घेऊन हजर. कूलर होता तसाच, दोरीची गाठसुद्धा सुटलेली नव्हती. काकांनी कूलरकडं बघायचं टाळलं.

"चला वहिनी, पिशवी भरली ना?"

आई फरशीवर बसून शेवग्याच्या शेंगा सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "भाऊजी, तुमचा कूलर घेऊन जा माघारी. आन् मला गोधडी लागंल. इथं पहाटं लई गारठा पडतो."

काका हसले. हार मानल्यासारखा हात पुढं केला. "द्या किल्ली. एखादी काढून आणतो."

आईनं कमरेची किल्ली चाचपली आणि पुन्हा आत खोचली.

"किल्ली कशाला? पेटीच आणा!"