हरण्याचं आवतण आणि मैत्रेयीची साखर

आमच्या गाडीत गोड खाण्याचा अधिकार फक्त मधुमेह असलेल्या व्यक्तीला आहे, याचा मी येथे जाहीर निषेध नोंदवतो. पुढच्या कप्प्यात ग्लुकोजची बिस्किटं, दाराच्या खिशात साखरेच्या पुड्या, मागच्या सीटवर फळांच्या रसाची खोकी, आणि यातलं काहीही मला निषिद्ध. नागपूर सोडून जामचा चौक येईपर्यंत मी मोठ्या संयमाने एकच बिस्कीट उचललं, तर मागून आवाज आला, "बाबा, ते माझ्या लो साठी आहे. ठेव."

आवाज मैत्रेयीचा. वय सात. तिच्या शरीरात इन्सुलिन तयार होत नाही, म्हणून ते आम्ही दिवसातून अनेकदा टोचतो. पाच वर्षांची असताना हे कळलं. लो म्हणजे रक्तातली साखर एकाएकी उतरणं. अशा वेळी लगेच साखर खायची, कुणाला विचारायचं नाही, हा आमच्या घरातला पहिला विधी. बाकीची शास्त्रं नंतर.

जायचं ठरलं ते टोमण्यामुळे. सुषमाचं, म्हणजे माझ्या बायकोचं, माहेर आदिलाबाद जिल्ह्यात बेल्याजवळ आहे. तिच्या भावाचा फोन आला. "काऊन वं सुषमे, दोन साल झाले, पोरीले पोळा दाखोला नाई तुमी. आमच्या गावची हवा बी गोड लागते का तिले?"

सुषमाने फोन ठेवला आणि बॅग काढली.

या रस्त्याने लहान मूल घेऊन जाणाऱ्यांसाठी सांगतो. सात नंबरचा हायवे वडनेरपर्यंत चांगला आहे, पुढे कुठे रस्ता आहे तर कुठे रस्त्याची आठवण. पांढरकवड्याला जेवून घ्यावं. इन्सुलिनच्या बाटल्यांना बर्फ थेट लावू नये, त्या गोठल्या की वाया जातात. आम्ही मातीचं छोटं मडकं आणि ओलं फडकं नेतो. पैनगंगेचा पूल ओलांडला की आंध्र सुरू होतं (तेलंगण अजून वेगळं झालेलं नाही). पाटी तेलुगूत होते, मोबाइल रोमिंगमध्ये जातो आणि सुषमा कुणाचाच फोन उचलेनाशी होते.

आदिलाबादला स्टँडजवळ चहा घेतला. मैत्रेयीसाठी बिनसाखरेचं दूध मागितलं, तर टपरीवाले चाचा थबकले.

"बिना शक्कर? बच्ची को?"

"शुगर है उसको," मी म्हणालो.

"कैसी बाताँ करते साब! शुगर तो हमारे को होती, बुढ्ढे लोगाँ को."

"अंकल, वो टाइप टू," मैत्रेयी म्हणाली. "मेरा वन है. मैं पहले नंबर पे हूँ."

चाचांनी दुधाचे पैसे घेतले नाहीत. पहिल्या नंबराचा मान. बाजारात तिने बैलासाठी घुंगरांची माळ घेतली, तीही घासाघीस करून, आणि जैनथवरून आम्ही कपाशीच्या हिरव्या रानांमधून गावात पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं.

सुषमाचे भाऊ, म्हणजे दादा, अंगणात बैल धूत होते. एकाचं नाव लाल्या, दुसऱ्याचं हरण्या. हरण्या पांढरा, शांत, आणि पाहुण्यांकडे पाहण्याची त्याची नजर एखाद्या निवृत्त मुख्याध्यापकाची. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी खांदशेकणी असते. वर्षभर जू वाहून दुखावलेल्या खांद्याला पळसाच्या पानाने हळद-लोणी चोळायचं आणि बैलाला रीतसर जेवायला बोलवायचं. दादांनी पान मैत्रेयीच्या हातात दिलं.

"घे वं मैना. हरण्याले तूच आवतन दे." (मैत्रेयी हे नाव मी फार विचार करून ठेवलं होतं. गावाने पहिल्याच तासात त्याची मैना केली.)

"काय म्हणू?"

"म्हन, आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

तिने बैलाच्या कानाशी जाऊन म्हटलं, अगदी अहो-जाहो करून. हरण्याने कान हलवला. "हो म्हणाला," ती आम्हाला म्हणाली, आणि मग दादांना विचारलं, "उद्या त्याच्या आधी कोणी जेवायचं नाही ना?"

"नाई ना बाई. वर्सभर तो राबते. एक दिस त्याच्याआधी कोनी तोंडात घास घालत नाई."

हे वाक्य मी ऐकलं होतं. छान वाटलं होतं. ब्लॉगमध्ये घालायचं असं मनात टिपूनही ठेवलं होतं. आमच्या इन्सुलिनच्या वेळापत्रकात त्याचा काय अर्थ होतो, हे मात्र डोक्यात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सगळं उत्तम चाललं होतं. सकाळी पिठलं-भाकरी; एका भाकरीला किती इन्सुलिन धरायचं, हा आमचा हिशोब पक्का आहे. दुपारी शेतावर चक्कर. मैत्रेयी चिखलात, मी बांधावर, दोघेही आपापल्या योग्यतेप्रमाणे. दिवस कलल्यावर दादांच्या बायकोने, शोभावहिनींनी, स्वयंपाकघरातून हाक दिली, "सैपाक झाला जी! बैल आले का वाढतोच."

मी पूर्वार्ध ऐकला. आमचं औषध जेवणाच्या अर्धा तास आधी टोचावं लागतं. म्हणून टोचलं.

उत्तरार्ध असा होता की बैल वेशीजवळ तोरणाखाली उभे होते आणि गावच्या पटेलांचा मानाचा बैल पुढे झाल्याशिवाय तोरण तुटत नाही. पटेल कलेक्टर ऑफिसच्या कामाला आदिलाबादला गेले होते आणि त्यांची बस यायची होती. झडत्या, म्हणजे पोळ्याची चढाओढीची गाणी, रंगल्या होत्या. एक म्हातारा दुसऱ्याच्या बैलाची टिंगल गाऊन करत होता, दुसरा त्याच्या सासऱ्याची. मी वही काढून उतरवून घेत होतो. मजा होती.

शेवटी तोरण तुटलं, गलका झाला, बैल गल्लीत आले. दारोदारी थांबून पूजा, नैवेद्य, पुढचं दार. आमच्या दारात मैत्रेयी ताट घेऊन उभी होती. ताटात दिवा, हळदकुंकू आणि हरण्यासाठी दोन पुरणपोळ्या. हरण्या तीन घरं अलीकडे होता.

आधी मला आवाज आला. कुंकवाची वाटी ताटावर वाजत होती, बारीक, सारखी. मी तिच्याकडे पाहिलं. नाकावर घाम, ओठ पांढरे.

"मैत्रेयी, लो वाटतंय?"

तिने मान हलवली. हो.

"मग साखर खा! खिशात आहे ना?"

"हरण्या यायचाय."

"आत्ता खा."

"मी बोलावलंय त्याला," ती म्हणाली आणि ओठ घट्ट मिटून घेतले. साखर उतरली की मूल हट्टी होतं, हे पुस्तकात आहे. मी तिच्या खिशातली पुडी फाडली, सुषमा धावत आली, दोघांनी विनवलं, दटावलं. मिटलेलं तोंड उघडेना. ताटही सोडेना. अजून थोडं उतरलं असतं तर गिळता आलं नसतं, आणि अशा वेळी द्यायचं, साखर चढवणारं ग्लुकागॉनचं इंजेक्शन आत मडक्यापाशी होतं. सुषमा तिकडे पळाली.

"काय झालं?" दादा तिसऱ्या दारातून ओरडले.

"ती हरण्याच्या आधी खात नाही!" मी ओरडलो. असं वाक्य आपण कधी ओरडू असं मला वाटलं नव्हतं.

दादांनी इकडेतिकडे पाहिलं नाही. शेजारच्या काकूंची पूजा अर्ध्यावर, हातात ओवाळणीचं ताट, आणि त्यांच्या पुढ्यातून हरण्याला कासऱ्याने ओढत दादा पळत आले.

"आरं थांब नं, माही आरती!" काकू मागून.

"मंग कर तुही आरती!" दादांनी मैत्रेयीच्या ताटातली अख्खी पोळी उचलून बैलाच्या तोंडात कोंबली. ना कुंकू, ना दिवा. "हे पाय मैना. खाल्लं त्यानं. खाल्लं का नाई?"

हरण्या चावत होता. मैत्रेयीने नीट पाहून घेतलं. मग तोंड उघडलं.

साखर, त्यावर वहिनींनी आणलेलं गुळाचं पाणी. पायरीवर बसवलं. थोड्या वेळाने बोट टोचून पाहिलं. (आधी हात धुवावेत. बोटाला गूळ असेल तर यंत्र खोटं सुख दाखवतं.) आकडा वर येत होता. इंजेक्शन लागलं नाही. मग तिने पुरणपोळी खाल्ली, वर तूप, आणि विचारलं, "बाबा, याचं किती धरायचं?"

"बैलाले इचार," वहिनी म्हणाल्या. "त्यानं तं मोजली बी नाई."

रात्री जेवताना काकू आल्या. भांडायला येतील असं मला वाटलं. त्या मैत्रेयीसाठी वाटीभर फुटाणे घेऊन आल्या होत्या. "फुटाने चालते ना वं तुले? बैल पळवला माह्या दारातून तुया मामानं. पुढच्या साली पहिले माह्या दारी आन, मंग झालं."

परत येताना पैनगंगा ओलांडली, फोन महाराष्ट्रात आला, सुषमा पुन्हा फोन उचलू लागली. पुढच्या पोळ्याला आम्ही जाणार आहोत. तुम्हीही जा, मूल कसंही असो. एवढंच करा: टोचायचं ते स्वयंपाक झाल्यावर नाही, बैल दारात आल्यावर. बाकी काही अवघड नाही. सुई, आकडे, भाकऱ्यांचा हिशोब, हे सगळं आम्हाला येतं, आणि तिलाही येऊ लागलं आहे.

घुंगरांच्या माळेतलं एक घुंगरू तिने आणून दप्तराला बांधलं. ते वाजलं की मला ती वाटी ऐकू येते.

मला मधुमेहाची भीती वाटत नाही. साखर तिच्या खिशात होती, तिला कळत होतं, आणि तरी ती थांबली, कारण कुणालातरी बोलावलेलं होतं आणि आधी खाणं बरं दिसलं नसतं. उद्या ती वर्गात थांबेल, मैत्रिणीच्या घरी थांबेल, पुढे कधीतरी एखाद्या मीटिंगमध्ये थांबेल. तिथे तिचा मामा नसेल. मीही नसेन. त्याची मला भीती वाटते.