लाभ, दोन, तीन

लातुरात नर्सरीच्या प्रवेशासाठी आम्ही पालक व्हरांड्यात ताटकळत होतो. शेजारी एक म्हातारा नातीला बोरं मोजायला शिकवत होता. बोटानं नव्हे, अख्ख्या तळव्यानं तो एकेक बोर तिच्यापुढं सरकवायचा. ती म्हणायची, "लाभ, दोन, तीन..."

मी बघतोय हे दिसल्यावर तो म्हणाला, "मोंढ्यात जिंदगीभर धान्य मापलं. पहिल्या मापाला एक न्हाई म्हणायचं, लाभ म्हणायचं. उन्हाळ्यात हिला चिंचोक्यांवर शिकवलं, दिवाळीत भुईमुगाच्या शेंगांवर. आता बोरं."

नातीला आत बोलावलं. दार उघडंच होतं. बाईंनी टेबलावर प्लास्टिकचे मणी ठेवले. पोरगी खणखणीत आवाजात म्हणाली, "लाभ!"

"अगंबाई, हिला एकसुद्धा येत नाही?" बाई हसल्या, आणि पुढं मोजूच दिलं नाही. माझं डोकंच सणकलं. म्हातारा मात्र खाली मान घालून धोतराचा सोगा चाचपत राहिला.

ती बाहेर आली तशी त्यानं पुन्हा बोरं मांडली. पहिलं बोर पुढं सरकवून म्हणाला, "एक."

"न्हाई आबा, लाभ!"

"लाभ न्हाई आता, माय," तो म्हणाला. "एक म्हण."