आक्कानं काढलेला कोन

नागपंचमीला आक्काला माहेरी आणायला वडील आणि मी तासगावहून एसटीनं कवठे महांकाळला गेलो. मी दहावीत होते. आक्का माझ्या एक इयत्ता पुढं. पण दहावी अर्ध्यावर असताना तिचं लग्न झालं आणि शाळा सुटली. तोवर घरात भूमिती मला तीच शिकवायची.

तिची सासू वाईट नव्हती. पण म्हणाली, "आवं, भांगलण निम्मी राह्यलीया, रानात तण माजलंय, बाया मिळंनात. दिवाळीला न्या की लेकीला." वडील "बरं," म्हणाले आणि परतीच्या गाडीची वाट बघत बाहेर सोप्यात बसून राहिले.

मी आत आक्काजवळ गेले. ती भाकरी करत होती. माझ्याकडं न बघताच म्हणाली, "भूमितीत कुठवर आलाय?"

मी पिशवीतून पुस्तक काढलं. एक उदाहरण आठवडाभर सुटत नव्हतं. त्रिकोण अबक, बक या बाजूवर ड बिंदू. बड चार, बक नऊ, बअ सहा. क पाशी चाळीस अंशांचा कोन. बअ आणि अड यांच्यामधला कोन काढायचा.

आक्कानं तव्यावरची भाकरी उलटली, चुलीतला विझका कोळसा घेतला आणि फरशीवर आकृती काढली. थोडा वेळ नुसतं बघत बसली.

"एकात एक हाईत म्हणून तुला दिसंनात. धाकटा बाहेर काढू." तिनं अबड हा त्रिकोण शेजारी काढला, पण उलटा फिरवून. "ब चा कोन दोघांत त्योच. आता बाजू बघ. चाराला सहा, सहाला नऊ."

"दोन्हीकडं दोनास तीन!"

"मग समरूप झालं का न्हाई? तुझा कोन क एवढाच. चाळीस." तिचा चेहरा इतका उजळला होता की मला लग्नाआधीची आक्का दिसली. "दुसरं सांग," म्हणाली. दुसरं सुटलं, तिसरंही. भाकरी करपली तेव्हा दोघी भानावर आलो. तिनं ओल्या फडक्यानं फरशी पुसून घेतली.

निघताना तिनं हळूच विचारलं, "पुस्तक ठिवून जातीस का?"

"मला लागतंय गं. परीक्षा झाली की देते."

"व्हय, तुला लागंलच की," असं म्हणून तिनं पुस्तक माझ्या पिशवीत घातलं, वरून भाजलेल्या शेंगांची पुरचुंडी ठेवली.

मे महिन्यात पुस्तक घेऊन गेले, तेव्हा तिच्या मांडीवर दोन महिन्यांचं बाळ होतं. तिनं पानं चाळली, एका आकृतीवर बोट ठेवून ती बराच वेळ बसली. मग पुस्तक मिटून म्हणाली, "ने बाई. आता न्हाई मन लागत."

पुढं मी साताऱ्यात मुलींना गणित शिकवलं. आता रविवारी फोन करते तेव्हा एखादं उदाहरण मनात तयार ठेवलेलं असतं. आक्का पावसाचं बोलते, नातवंडांचं बोलते. मी ऐकत राहते. विचारायचा धीर होत नाही.