आप्पांचा संशय आणि टाकीवरचे दोन मीटर

रंगराव आप्पांची न् माझी पयली गाठ पडली तीच संशयावरनं. नववीत शाळा सोडून मी आमच्या आटपाडीकडच्या गावात पाण्याच्या टाकीवर कामाला लागले हुते. पाण्यात जंतू मारायची टीसीएल पावडर टाकायची, मग नळाचं पाणी बाटलीत घिऊन औषधाचं थेंब सोडायचं. पाणी पिवळं झालं तर क्लोरीन हाय, न्हाई झालं तर न्हाई. पिवळा जेवढा गडद तेवढा आकडा मोठा, त्यो रजिस्टरात लिवायचा. आप्पा मिलिटरीतनं रिटायर झाल्यालं, पाणी समितीचं अध्यक्ष. रजिस्टर चाळत म्हणाले, "रोज तपासतीस, का घरात बसून आकडं लिवतीस गं?" मला रडूच फुटलं.

मागनं कळलं, आप्पा सगळ्यांवरच संशय घेत्यात. चहा पितानासुदिक विचारत्यात, साखर खरंच टाकली का. काकू म्हणत्यात, "लग्नाला एवढी वर्सं झाली, अजून माझी ट्रायलच चाललीया."

गावातल्या वाडीत जुलाब-उलट्यांची साथ आली, तवा समितीनं ठरवलं, क्लोरीन मोबाईलवर दिसंल असा ऑनलाइन मीटर घ्यायचा. पैसं थोडं. सांगलीच्या विक्रेत्यानं दोन मीटर म्हैनाभर लावून दिलं. एक चकचकीत, सगळीकडनं बंद. दुसरा त्येच्यापरास स्वस्त, त्येचं टोक खोलून धुता यायचं. चकचकीत सारखा पॉइंट पाच दाखवायचा. स्वस्तातला सकाळी पावडर पडली की चढायचा, सांजच्याला उतरायचा.

म्हैना सरल्यावर समिती न् विक्रेता टाकीवर जमले. "बघा, जागचा हालतोय का!" मेंबर चकचकीतावर खूश. माझं आकडं मातर स्वस्तातल्याशी जुळायचं. एक मेंबर म्हणाले, "शाळा सोडल्याली पोरगी, तिला काय कळतंय?" मी पायाकडं बघत ऱ्हायले. चुकीचा मीटर बसला तर वाडीतली लेकरं परत आजारी पडणार, हे कळत हुतं.

आप्पा उठले. "माझा पोरीवर बी इस्वास न्हाई न् मीटरवर बी न्हाई." त्येंनी पाठ फिरवून तीन बाटल्या भरल्या. "सांग आता."

मी थेंब सोडलं. दोन पिवळ्या झाल्या.

"ही तिसरी बिनपावडरीची," मी म्हणाले.

"बरोबर. हिरीची हाय." मग त्येंनी हिरीच्याच पाण्याच्या बादलीत दोन्ही मीटर सोडलं. स्वस्तातला हळूहळू शून्यावर आला. चकचकीत पॉइंट पाचच!

"आवं आप्पा, अडकला आसंल," विक्रेता म्हणाला.

"ते आमाला कवा कळलं आसतं? वाडी दवाखान्यात गेल्यावर?" आप्पा मेंबरांकडं वळले. "ज्यो खोलून बघता येतो, ज्येचं खोटं आपल्याला पकडता येतं, त्यो स्वस्तातलाच घ्यायचा. आन् पोरीची रोजची बाटली बंद करायची न्हाई."

पुढं मला ताप आला, तवा आप्पा या वयात सोता टाकीवर गेले. रजिस्टरात त्येंनी लिवलं, 'तपासणी मी केली. चूक आसंल तर माझी.' मी बरी झाल्यावर त्येंचं आकडं मीटरशी ताडून बघत हुते, तेवढ्यात आप्पा मागं उभं! वाटलं, आता रागावणार. तर हसून म्हणाले, "आता शिकलीस."

आप्पा, तुमाला पंच्याहत्तरावं लागलं. ह्ये वाचून तुमी म्हणणारच, 'ह्यात खरं किती?' रजिस्टर टाकीवर हाय, मीटरचं टोक कालच धुतलंय. तुमची तब्येत अशीच ठणठणीत ऱ्हावू दे, आन् शंभरी गाठोस्तवर रोज सकाळी माझ्यावर संशय घ्यायला येत जावा.